चिखलीच्या बसमधली पुढची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चिखलीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये जागा नोकरीच्या वर्षांवर ठरलेल्या. मी जुना, म्हणून पुढची खिडकी माझी. कामावर नव्यानंच लागलेली एक जण होती, तिला शेवटचा बाक. कमरेला पट्टा बांधून ती चढायची आणि बसताबसताच फोनवर मुलीला उठवायची, "बाळा, दूध तापवून घे. वेणी मावशीकडून घालून घे."

एके दिवशी ती दांडा धरत माझ्यापाशी आली. "भाऊ, आजच्या दिवस इथं बसू का? मागं फार दणके बसतात, मणका सरकलाय माझा."

माझे डोळे मिटलेले होते. मी ते तसेच ठेवले.

"हलवा की त्यांना," मागची बाई म्हणाली.

"नको हो, झोपू द्या. त्यांनाही घरी झोप मिळत नसेल."

घरी मी एकटाच असतो. माझी झोपमोड करायला तिथं कुणी नाही.

चाकणपर्यंत ती उभीच राहिली. पुढच्या महिन्यात तिचं येणं थांबलं. ऑपरेशन झालं, कुणी म्हणालं. नोकरी सोडली, कुणी म्हणालं. मी तर तिचं नावही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी जागा होतो, हे तिला सांगून माफी मागायची राहिली आहे.