हिरवी पेन्सिल

अकोल्यात बीएच्या वर्गावर होते. फोन तीनदा थरथरला म्हणून बाहेर आले... माझ्या इंग्रजीच्या वानखडेमॅडम गेल्या होत्या. दीड महिना झाला. रडूही येतं, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की आधी अंगात उत्साहच संचारतो, याला काय करावं!

अमरावतीला, राजापेठेतल्या त्यांच्या घरी, दर रविवारी आम्ही एमएच्या सहा मुली इंग्रजी कादंबऱ्या वाचायचो. नियम एकच. बाईनं निर्णय स्वतः घेतला की समासात हिरवी रेघ, तिच्यासाठी दुसऱ्यानं घेतला की लाल. जुन्या कादंबऱ्या लालेलाल व्हायच्या. बापाची इस्टेट, भावाची मर्जी, पाहुण्यांसमोर पियानो वाजवणाऱ्या पोरी... अगदी आपल्याकडच्या पोहे नेऊन देणाऱ्या! मग आजची कादंबरी हाती आली, नायिका नोकरी करते, गाडी चालवते, की आम्ही हिरवी पेन्सिल सरसावायचो. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "गाडी चालवून राहिली, पण जायचं कुठं हे कोन ठरवून राहिलं?" झालं, खोलीत नुसता कल्ला!

एकदा जुन्या कादंबरीतली नायिका लग्नाला 'हो' म्हणाली, तिथं मी झोकात हिरवी रेघ ओढली. मॅडमनी खोडरबर उचललं.

"शुभे, तिले नाही म्हनता आलं असतं का?"

"नाही."

"मंग हे हिरवं कायचं?"

त्याच आठवड्यात घरी, तेल्हाऱ्याला, माझं लग्न ठरलं होतं. एमएची परीक्षा सोडायची, ही मुलाकडच्यांची अट होती आणि मी मान हलवून मोकळी झाले होते. संध्याकाळच्या एसटीनं घर गाठलं. "बाबा, मले परीक्षा द्याची हाये. त्याइले थांबाचं नसन तं हे लग्न नको." तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "पेपर कधी हायेत?" स्थळ मोडलं. मॅडमना सांगायला धावत गेले, तर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, चहा ठेव." मला रागच आला होता.

परवा त्यांच्या बहिणीनं बोलावून पुस्तकं दिली. तीच कादंबरी उघडली. माझी खोडलेली रेघ अजून पुसट दिसते. तिच्या शेजारी मॅडमच्या अक्षरात, हिरव्या पेन्सिलीनं लिहिलंय, 'शुभा घरी बोलली.' आणि खाली एक रेघ... इतकी दाबून ओढलेली, की मागच्या पानावरही उमटली आहे.