लिपी नसलेल्या बेटाची गाणी

निमा गेल्याचं तिच्या विद्यार्थिनीने, विक्रोळीच्या रूपालीने, फोनवर सांगितलं आणि पुढच्याच श्वासात म्हणाली, "काकू, गुरुवारचा तास बंद नाही करायचा हं." रडायचं सोडून मी हो म्हटलं.

मी मुलांसाठी एक नाटक लिहिलं होतं. त्यात खारवण नावाचं बेट होतं, माझ्याच डोक्यातलं. तिथल्या लोकांना लिपी नाही, सगळं तोंडपाठ. त्यांच्या गाण्यांना चाली लावायला मी निमाकडे गेले. ती माझी जुनी मैत्रीण, मुलुंडला गाण्याचे क्लास घ्यायची. तिने ते बेट माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. वल्ह्यांचं गाणं, मीठ गोळा करतानाचं, बाळाला पहिल्यांदा पाण्यात उतरवतानाचं... एकाही चालीचं नोटेशन केलं नाही. क्लासच्या मुलींना समोर बसवून तोंडी शिकवलं. निर्मात्याला मात्र स्वरलिपी हवी होती, कुठल्याही गावच्या मंडळाला नाटक बसवता यावं म्हणून. चाली हरवतील, असं तो म्हणाला, आणि त्याचं अगदीच चूक नव्हतं. निमा म्हणाली, "खारवणच्या बाईला गाणं हवं असलं तर ती दुसरीच्या दारात जाऊन बसते. तुम्हीपण येऊन बसा, चहा देईन." त्याने दुसरा संगीतकार गाठला. निमाने विक्रोळीच्या एका कॉलनीतल्या हॉलमध्ये मुलींना घेऊन तेच नाटक आपल्या चालींवर उभं केलं, आणि नंतरही ती गाणी शिकवतच राहिली.

मग घशाचं ऑपरेशन झालं, तिचा आवाज गेला. आता तरी लिहून ठेव, असं घरच्यांनी विनवलं, मीही. तिने मोबाइलवर टाइप करून दाखवलं, 'माझा गेलाय. मुलींचा आहे ना?' ती हातानेच तास घेऊ लागली. एकदा वल्ह्यांच्या गाण्यात रूपालीकडून एक ओळ भलतीच वर गेली. निमाने ती ओळ तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली आणि बाकीच्यांना खुणावलं, अशीच घ्या.

शोकसभेत कुणीतरी हळहळलं, एवढं काम केलं, पण कागदावर काहीच नाही. मागच्या रांगेत रूपाली उठली आणि गाऊ लागली. एकेक करून बाकीच्याही उठल्या.

गुरुवारी आम्ही निमाच्याच खोलीत बसतो. तास चालू असताना दार सताड उघडं ठेवायची तिची सवय होती. शेजारपाजारच्यांना त्रास होईल म्हटलं की म्हणायची, त्यांनाही येऊ दे की. परवा तास संपवून उतरताना पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातून मिठाचं गाणं ऐकू आलं. आमच्याकडे कधीच न आलेली कुणीतरी बाई होती. शेवटची ओळ तिने आपल्याच वाटेने नेली होती. मी उतरत राहिले. मागे वळून पाहिलं, तर रूपाली पायरीवर बसलेली.

"थांबा काकू," ती म्हणाली, "ही ओळ शिकून घेऊ."