भोकावरचा पडदा आणि आबांचा पाय

जळगावला मी पीएचडी करत होते तेव्हा माझा दिवस बरा जाणार की वाईट, हे एका भोकावर ठरायचं. टेफ्लॉनच्या वाटीला टाचणीच्या टोकाएवढं भोक, दोन्हीकडे खारं पाणी, आणि त्या भोकावर मी बारीक ब्रशने स्निग्ध द्रावण फासायची. जमलं तर तिथे पडदा तयार व्हायचा, आपल्या पेशींभोवती असतो तसाच. इतका पातळ, की नुसता काळा भासायचा. त्यातून वीज जवळजवळ जात नाही, पण पंख्याच्या कंडेन्सरसारखी ती त्याच्यावर साठून राहते. किती साठते आणि किती व्होल्टेजला पडदा फाटतो, हे मला मोजायचं होतं.

मोजायच्या आतच तो फाटायचा. कोणी दार आपटलं, फाटला. बाहेरून ट्रॅक्टर गेला, फाटला.

मे महिन्यातल्या एका सकाळी मात्र तो टिकला. नेमकं त्याच दिवशी धुळ्याचे पाहुणे मला बघायला येणार होते.

आईचा फोन आला, "पाहुणे पारोळ्याच्या पुढे आलेत. घरी ये, साडी नेस."

"आई, पडदा टिकलाय!"

"कसला पडदा? पडदे मी कालच धुतले."

"मी इथून हलणार नाही. त्यांनाच इकडे घेऊन ये."

आई इतकी चिडली की खरोखरच घेऊन आली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. मी मोबाइल बाहेर ठेवायला लावले आणि हादरे नकोत म्हणून पंखा बंद केला. ठेवणीतल्या कपड्यांत मंडळी स्टुलांवर घामाघूम होऊन बसली. माझ्या वाटीभोवती जाळीची पेटी होती, बाहेरच्या विजेची खरखर आत येऊ नये म्हणून. मुलाच्या आईने हळूच विचारलं, "यात दूध ठेवता का?"

आबा टेबलाशी सरकून बसले आणि अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं सामान शे, पन पडदा कोठे शे?"

"तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आबा."

"मंग फाटना हाई कसं समजस?"

"मी रडायला लागते," मी म्हणाले. मुलगा फसकन हसला.

तेवढ्यात स्क्रीनवरच्या सरळ रेषेत लाटा उठल्या, एकसारख्या, सुबक. असं कधीच झालं नव्हतं. मी शेजारच्या खोलीतून माझ्या गाइड मॅडमना खुणेने बोलावलं.

"द्रावणात काय घातलंस?" त्या कुजबुजल्या.

"काहीच नाही."

"म्हणजे हे नवीनच आहे!" मॅडमच्या डोळ्यांत शोधनिबंध चमकला.

आईने आबांच्या हातात केळीच्या वेफर्सची बशी दिली, आणि लाटा बंद पडल्या. मॅडम आणि मी हवालदिल.

"आबांना पाय हलवायची सवय आहे," मुलगा शांतपणे म्हणाला.

आबांचा पाय टेबलाच्या दांडीवर होता, आणि बशी हातात आल्यावर तो थांबला होता. पाय हलला की टेबल हले, टेबलाबरोबर पडदा फुगे आणि बसे, त्याची वीज साठवायची ताकद बदले आणि लाट उठे. मॅडमनी कपाळावर हात मारला. मी म्हणाले, "आबा, परत हलवा बरं." त्यांनी हलवला. लाट आली! आबा हरखले. "मना पाय बी शास्त्रना कामले उना!" आणि त्या आनंदात त्यांनी असा पाय हलवला की रेषा थेट स्क्रीनच्या वर निघून गेली.

पडदा फाटला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता ही रडणार म्हणून. मला मात्र असं हसू फुटलं की आईने डोळे वटारले.

"परत लावता येतो ना?" मुलाने विचारलं. "मी बघत थांबू?"

बाकीची मंडळी भरीत-भाकरी खायला घरी गेली. तो थांबला. संध्याकाळपर्यंत एकही पडदा टिकला नाही, पण तो कंटाळला नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा घेऊन आला आणि टेबलाखाली बसवून गेला. त्यानंतर बाहेरून ट्रॅक्टर गेले तरी माझी मोजमापं चालू राहिली. आईने लग्नाची तारीख मला विचारून काढली, त्या दिवशी पडदा लावायचा नाही ना म्हणून.