उमराण, गोला आणि अक्कांची यलची

बोर हातात दिलं की अण्णा आपली बोटं लगेच सोडत नसत. ते बोर समोरच्याच्या नाकाशी नेत आणि म्हणत, "आधी वास. घाई नको." आपण वास घेतला की बोटं सुटणार, मग खायचं. खाऊन नुसतं 'छान आहे' म्हणून सुटका नसे. "छान म्हणजे काय? साल कशी आहे? गर बीला चिकटतो का?" एवढं विचारून वहीत दोन शब्द लिहीत आणि म्हणत, "सरी." म्हणजे कानडीत 'ठीक'. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. विचारत असतात फळाबद्दल, आणि घाम आपल्याला फुटतो.

बनशंकरीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं भाड्यानं राहतो आहोत. मी आणि नवरा पुण्याचे, दोघांचीही ऑफिसं बेळ्ळंदूरकडे. अण्णांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. 'स्वल्प थांब की' हे त्यांच्या घरातलं शुद्ध मराठी. नोकरीत ते एका कारखान्यात सुटे भाग तपासून पास-नापास करायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला बोरं उरली.

मागच्या अंगणात बोरीची चार झाडं. गोला सगळ्यात आधी पिकायचा, रसाळ, पण दोन दिवसांत मऊ पडायचा. ॲपल बोर दिसायला मोठं, कुरकुरीत. त्याच्याबद्दल अण्णांचं मत होतं, "पाणी खाल्ल्यासारखं. पण पाणी चांगलं आहे." उमराण उशिरा यायची, सोनेरी पिवळी, घट्ट गराची. ती त्यांची लाडकी. जानेवारी-फेब्रुवारीत दर रविवारी सकाळी ओट्यावर स्टीलच्या ताटल्या मांडल्या जात, मध्ये चूळ भरायला पाण्याचा तांब्या. पोस्टमन, शेजारी, वीज मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही सापडला की बसवलाच. एकदा मला सोडायला आलेल्या रिक्षावाल्यालाही त्यांनी बसवलं. त्यानं सगळ्या ताटल्या साफ केल्या आणि सगळी बोरं चांगली आहेत म्हणाला. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "माणूस सरळ आहे. जीभ नाही."

चौथं झाड त्यांच्या बायकोचं, अक्कांचं. विजापूरकडच्या माहेराहून त्यांनी बी आणलेलं. रानटी बोर, करवंदाएवढं, लालसर आणि चांगलंच आंबट. इथे बोराला यलची म्हणतात. अक्का ते नाव फक्त या झाडाला लावायच्या. बाकीच्या तिन्हींना त्या 'यांची बोरं' म्हणत. वहीत यलचीचा नंबर कायम शेवटचा.

"यंदा हिच्यावर उमराणीचा डोळा भरतो बघ," अण्णा दरवर्षी म्हणायचे. डोळा भरायचा म्हणजे रानटी झाड बुंध्याशी कापायचं, पावसात नवे फुटवे आले की त्यात चांगल्या जातीच्या फांदीवरचा कोंब बसवायचा. मूळ तेच, फळ दुसरं.

"भरा की," अक्का आतूनच म्हणायच्या. "मग जेवायला पण उमराणच खा."

माझ्या मुलीच्या बोरन्हाणाला अण्णांनी टोपलीभर ॲपल बोरं काढून ठेवली होती. अक्कांनी ती उचलून बाजूला केली. "लेकराच्या डोक्याला टेंगूळ आणता काय?" आणि ओंजळी भरभरून यलची ओतली. मुलगी हसत होती. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "या एका कामाला मात्र पास." अक्का दिवसभर ते सगळ्यांना सांगत होत्या.

साथीच्या दुसऱ्या लाटेत दोघांनाही ताप आला. दोन वेगवेगळ्या इस्पितळांत जागा मिळाली. पाचव्या दिवशी अक्का गेल्या. अण्णांना ते फोनवर सांगितलं. बारा दिवसांनी त्यांच्या लेकीनं त्यांना घरी आणलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. गाडीतून उतरून त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. कुणी रडलं नाही. मीही नाही. खिडकी लावून मी ऑफिसची मीटिंग घेतली.

आठवड्याभरानं उपमा घेऊन गेले. दोन घास खाऊन ते म्हणाले, "मीठ विसरलीस काय?" मीठ होतं. त्यांनी डबीतलं मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं, थोडा वेळ थांबले आणि डबी बंद केली. वास आणि चव दोन्ही गेली होती. डॉक्टर म्हणाले येईल. आली नाही.

पुढच्या जानेवारीत त्यांनी खालून हाक मारली. ओट्यावर ताटल्या होत्या. "तू खा आणि मला सांग. खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंस तर वहीचा उपयोग नाही." मी खायची आणि ते लिहायचे. गोड म्हटलं की विचारायचे, "कशासारखं? गुळासारखं की काकवीसारखं?" हळूहळू मला शब्द सापडायला लागले. ते बोर नाकाशी नेत, सवयीनं, आणि तसंच खाली ठेवत.

ताटल्या तीनच होत्या. मी यलचीकडे पाहिलं तर म्हणाले, "ते नको." त्या वर्षी झाडाखाली लाल सडा पडून सुकला. कुणी उचलला नाही.

एप्रिलमध्ये करवतीचा आवाज आला. मी गॅलरीत गेले. अण्णा अक्कांचं झाड बुंध्याशी कापत होते. थांबवावंसं वाटलं. काय म्हणून थांबवायचं, ते मला सुचेना. मी तिथेच उभी राहिले आणि झाड पडलं. माझी मुलगी खाली धावली.

"अण्णा, अक्कांचं झाड का कापलं?"

"कुणी खात नव्हतं की," ते म्हणाले आणि काटेरी फांद्या गोळा करायला लागले.

पावसात त्यांनी उमराणीचा डोळा भरला. पहिल्या फटक्यात धरला. कलमाखालून रानटी फुटवा आला की ते रोज सकाळी नखानं खुडून टाकत. मग एक पावसाळा असा आला की खुडणं थांबलं. वाकवत नसेल, असं मला वाटलं. पण जोर धरलेल्या कलमानं तोवर सगळी ताकद वर ओढली होती. खालचा फुटवा आपोआप वाळून गेला.

त्या झाडाला दमदार बहर आला त्या वर्षी अण्णांनी दोनच ताटल्या मांडल्या. एकीत जुन्या उमराणीची बोरं, दुसरीत अक्कांच्या झाडावरची. कुठली कुठे ते सांगितलं नाही. मी दोन्ही खाल्ली.

"फरक?"

"नाही अण्णा. सारखीच आहेत."

"चूळ भर. पुन्हा बघ."

पुन्हा खाल्ली. "सारखीच."

"शेवटी स्वल्प आंबट लागत असेल. बीजवळ. मूळ तिचंच आहे ना."

तेव्हा मला कळलं, ते काय विचारत होते. एकामागून एक सात बोरं खाल्ली. बीपर्यंत चोखली. हो म्हणणं सोपं होतं, ओठांवर आलंही होतं. ते पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही लागत, अण्णा."

"नाही?"

"नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सरी," म्हणाले. ताटल्या स्वतः उचलून नळाखाली धरल्या आणि केव्हाच स्वच्छ झाल्या तरी धूत राहिले. मी जिना चढून वर आले.

मार्चमध्ये लेक त्यांना बेळ्ळंदूरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. श्रावणात तिचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. मी नवऱ्याला सांगितलं, कुकर बंद केला, मुलीचा डबा भरला.

खाली आता नागपूरचं एक जोडपं राहतं. परवा त्यांनी विचारलं, कुठलं झाड कुठल्या बोराचं? मी खाली जाऊन सांगितलं. हा गोला. हे ॲपल बोर. ही उमराण. कोपऱ्यातल्या चौथ्या झाडाचं एक बोर तोडून त्या जोडप्यातल्या मुलीनं खाल्लं आणि म्हणाली, "ही पण उमराणच ना?"

"हो," मी म्हटलं. "उमराणच."