चोवीस भोकांचे किल्लेदार

आमच्या साडूंना स्वर्गाच्या दारावर नेमलं, तर देवसुद्धा अर्जाशिवाय आत जाऊ शकणार नाहीत. सैन्याच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन ते इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात संगणकांच्या जोडण्या सांभाळतात. सगळ्या संगणकांच्या वायरी जिथं एकत्र येतात त्या पत्र्याच्या पेटीला म्हणे स्विच म्हणतात, आणि वायर खुपसायच्या भोकांना पोर्ट. भोकं चोवीस, पण साडूंचा थाट अजिंक्यतारा राखत असल्याचा. एका पोर्टला एकच यंत्र. अनोळखी यंत्र जोडलं की पोर्ट आपोआप बंद. महिनाभर कुणी वापरला नाही तरी बंद. "वळख न्हाई त्ये जनावर आमच्या हद्दीत शिरत न्हाई," असं ते मिशीवर हात फिरवून सांगतात, कुणी विचारलेलं नसतानाही.

ऐन हंगामात वजनकाट्याचा संगणक जळाला. मॅनेजरनं घाईनं नवा आणून जोडला, तर पोर्टनं मान टाकली. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग हमरस्त्याला भिडली, तेव्हा साडू सलूनमध्ये दाढी करून घेत होते. दुसरा हात फिरवून घेऊनच ते आले आणि म्हणाले, "नवं यंत्र आणलं, मला कुणी कळवलं? आदी अर्ज!" एक ट्रॅक्टरवाला कळवळला, "आवं सायेब, उसाचं चिपाड झालं की!" मॅनेजरनं घाम पुसत अर्ज लिहिला. साडूंनी त्यातली एक वेलांटी दुरुस्त करायला लावली आणि मगच पोर्ट उघडला.

हे वेड कारखान्यात राहिलं असतं तर हसून सोडलं असतं. पण घरी जेवणाच्या टेबलालाही तोच कायदा. एक खुर्ची, एक माणूस. मी एकदा चुकून मेहुणीच्या खुर्चीत बसलो, तर उठेपर्यंत माझ्या ताटात भाकरी पडली नाही. एवढ्यावर भागलं नाही. त्यांच्या एकुलत्या एका पोरानं पुण्यात परस्पर लग्न केलं आणि बायकोला घेऊन तो दारात उभा राहिला. साडू म्हणाले, "कळवल्याबिगर नवी जोडणी न्हाई." पोरीनं काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. मेहुणी रडत राहिली, पोरगा पुन्हा फिरकला नाही. तेव्हा मला साडूंचा मनस्वी राग आला होता, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

परवा कराडहून त्यांच्याकडे जेवायला गेलो. पोराच्या खुर्चीशेजारी एक कोरी खुर्ची दिसली. मी बसायला गेलो.

"आवं साडू, तितं नगं."

"कुणाची ही?"

"सूनबाईची," ते भाकरीकडे बघत म्हणाले.

मला राहवलं नाही. "महिनाभर वापर नसला की बंद ना?"

"बंद केली आन तवाच आली म्हंजे?"

"खुर्ची ठेवलीय हे पोराला कळवलंत का?"

उभ्या जन्मात प्रत्येकाकडून अर्ज मागितलेला तो माणूस माझ्याकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, "आपुन कळवायचं असतं व्हय?"

मला हसू यायला हवं होतं. मी खिशातला फोन काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला लागलो.