तिकिटाची मागची बाजू

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ज्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली, तिथल्या कुणालाही माहीत नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर यापुढे रस्त्यात ओळख दाखवली नाहीत तरी चालेल.

मी गोव्यात, डिचोलीत राहतो. पोर्तुगीज अमलातली पत्रं जमवतो. वाचण्यासाठी नव्हे. तिकीट कुठलं, शिक्का कुठल्या टपाल ठाण्याचा, पत्र कुठून कुठे गेलं — एवढंच माझ्या कामाचं. आत कोण कुणाला काय लिहितो याचं मला कधी काही वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर सांगितलं तर सबब वाटेल.

अशी पत्रं आता ऑनलाइन गटांवर विकायला येतात. विकणारे एक फोटो टाकतात, तोही पंख्याखाली धरून काढल्यासारखा हललेला. मग विचारावं लागतं — मागची बाजू दाखवता का, शिक्का जवळून दाखवता का, घडीवर फाटलंय का? माझं नाव या वर्तुळात माहीत असल्याने विकणारे किंमत चढवतात. म्हणून मी दुसऱ्याच नावाने विचारायचो. सगळेच करतात. हा माझा गुन्हा नव्हे, त्याच्या वाटेवरची पायरी.

माझ्याकडे पेडण्याकडच्या एका लहानशा टपाल ठाण्याचा शिक्का असलेलं पत्र आहे. तसं दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं. तसं मी छापूनही आणलं होतं — एकमेव ज्ञात नमुना. आणि एका सकाळी तोच शिक्का, माझ्याकडच्यापेक्षा ठसठशीत, गटावर विकायला आला. निम्मा तिकिटावर, निम्मा कागदावर. हवा तसा.

विकणारी सर्वण गावची होती. नाव रजनी म्हणू. नवऱ्याचा ट्रक सुर्ल्याच्या खाणीवर चालायचा. खाण थांबली, ट्रक दारात उभा राहिला. तेव्हापासून ती घरातल्या आणि शेजारपाजारच्या जुन्या वस्तू विकायची — पाणी तापवायची तांब्याची भाणं, बश्या, दिवे. चांगली विकायची. घरात तिच्या शब्दाला वजन आलं होतं ते त्यामुळे. हे मला तिने नंतर सांगितलं. पण आधी सांगितलं असतं तर मी वेगळं वागलो असतो का?

मी विचारायला सुरुवात केली. कागदाची रुंदी. शिक्क्याचा व्यास. पत्ता कुठल्या शाईत. तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं, फोटो काढून दिले. मग मी आतल्या मजकुराचा फोटो मागितला. मजकूर मला नकोच होता — नाही म्हणते का ते बघायचं होतं. ती नाही म्हणाली, आणि गटावर, सगळ्यांसमोर म्हणाली.

"बाब, तुम्ही म्हशीचे दात मेजता, शेपूट उचलून बघता, आणि दावं हातात दिलं की घरची वाट धरता. आतलं घरचं आहे. घेवपाचें आसा तर घ्या, मग वाचा."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वाळपईच्या कुणीतरी भर घातली, "बाबाक म्हस नाका, म्हशीचो फोटोच जाय." फोटोच हवा म्हणे!

मी आयुष्यभर प्रश्न विचारले. मंत्र्यांना विचारले, ठेकेदारांना विचारले. माझ्या प्रश्नाला कुणी हसलेलं मला आठवत नाही. इथे हसत होते — माझ्या खोट्या नावाला, पण लागलं मलाच. तेवढ्यात पुण्याच्या एका संग्राहकाने लिहिलं, पत्र घेतो, उद्या फोन करतो.

म्हणजे उद्यापासून माझा नमुना एकमेव राहणार नव्हता. मी ते पत्र स्वतः घेऊ शकलो असतो. तिने सांगितलेली किंमत रास्त होती. पण त्या बाईसमोर मान तुकवून घ्यायचं? नाही. मला ते पत्र नको होतं. ते कुणाकडेच नको होतं.

मी तिला खाजगीत लिहिलं: तिकिटाच्या मागचं जलचिन्ह स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवलात तर पुणेकरापेक्षा जास्त देतो.

जलचिन्ह म्हणजे कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली खूण. काही तिकिटांत असते. या तिकिटात नव्हती. त्या छपाईच्या कागदात ती असतच नाही — हे मला तेव्हा ठाऊक होतं. आणि पत्रावर चिकटलेल्या तिकिटाची मागची बाजू दिसायची तर काय करावं लागतं, हेही ठाऊक होतं. लहानपणी आपण सगळ्यांनीच पाकिटांवरची तिकिटं पाण्यात टाकून सोडवली आहेत. तिनेही सोडवली असणार. ज्याला या व्यवहाराची माहिती आहे तो असं कधी करणार नाही. तिकीट सुटलं की शिक्का तुटला, पत्र मेलं. तिला ती माहिती नव्हती. तिला फक्त गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची सवय होती.

तरीही ती थांबली होती. तिने विचारलं, "म्हणजे तिकीट काडचें पडटलें?"

तिकीट काढावं लागेल का — याला एक शब्द पुरेसा होता. नको. मी लिहिलं, "ते तुम्ही ठरवा."

वाक्य पुन्हा वाचा. त्यात काही सापडतं का? तिकीट काढा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कुणी तपासायला बसलं तर माझी बाजू स्वच्छ आहे. हेच तर मी डेस्कवर शिकलो — नि दुसऱ्यांना शिकवलं.

दुपारी फोटो आला. स्टीलच्या ताटात ओलं तिकीट, पालथं. शेजारी पत्र. त्याला वेगळं पाकीट नव्हतं. लिहिलेल्या कागदालाच घड्या घालून वर पत्ता घातलेला. तिने फक्त कोपरा पाण्यात धरला असणार, पण पाणी घडीघडीने वर चढलं होतं. निळी शाई ताटभर पसरली होती. ताटाच्या काठावर तिची दोन बोटं, तीही निळी.

आणि खाली तिने लिहिलं होतं, "मागे काही दिसत नाही बाब. माझ्या फोटोत चूक झाली का? थांबा, जनेलाकडे उजेडात धरून काढते."

तिने खिडकीशी धरून काढला. मग अंगणात उन्हात धरून आणखी एक काढला. नसलेली खूण ती शोधत होती — आणि मी एकामागून एक येणारे फोटो पाहत बसलो होतो. मग लिहिलं, "तिकीट काढलेल्या पत्राला किंमत नसते. धन्यवाद." खोट्या नावाचं ते खातं मी तिथेच बंद केलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कदाचित स्वतःलाही सांगितली नसती.

काही आठवड्यांनी रजनी माझ्या दारात आली. डिचोलीत एक पेपरवाले आहेत, त्यांना जुन्या पत्रांतलं कळतं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. बरोबर सासू. दोघी सोप्यावर बसल्या, मध्ये जागा सोडून. रजनीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. वाळून पापडासारखा कडक झालेला. मी भिंग लावून पाहिलं. भिंगाची गरज नव्हती.

म्हातारी पेडण्याकडची. लग्न होऊन सर्वणला आली तेव्हा बापाने पाठवलेलं ते पत्र. दुसरं आलंच नाही. त्या पावसाळ्यात बाप गेला. विकायला ती तयार नव्हती. रजनीने तिला समजावलं होतं की संग्राहक अशी पत्रं काचेत ठेवून नीट सांभाळतात, आपल्या मागे घरात कोण सांभाळणार?

"काचेंत दवरतले म्हूण सांगिल्लें हिणें," म्हातारी सुनेकडे न बघता मला म्हणाली. "ताटांत घालून शिजयलें. म्हज्या बापायचें अक्षर."

रजनीने तिला अडवलं नाही. ती ऐकून घ्यायला शिकली होती असं दिसलं. मग तिने मला विचारलं, अगदी सावकाश, शब्द आधीच जुळवून आणल्यासारखे. "भाऊ, पत्र परत होत नाही ते मला कळतं. एवढंच सांगा. त्या माणसाने विचारलं ते खरंच विचारतात? की त्याने मला फसवलं?"

ती भरपाई मागत नव्हती. तिला सासूसमोर एक वाक्य हवं होतं. कुणी जाणत्या माणसाने म्हणायला हवं होतं — हिची चूक नाही.

मी म्हणालो, "प्रश्न रास्त आहे. संग्राहक विचारतात. पण म्हणून तिकीट पाण्यात घालायचं नसतं, हे कुणालाही कळलं असतं."

म्हातारी म्हणाली, "आयकलें?"

रजनीने कागद पिशवीत घातला. पायऱ्या उतरताना तिने सासूला हात पुढे केला. म्हातारी भिंतीला धरून उतरली.

तिने गटावर पुन्हा काही विकायला ठेवलं नाही. मी बघत होतो.

माझं पत्र पणजीच्या प्रदर्शनात काचेत लागतं. खालची ओळ मी लिहिलेली आहे — एकमेव ज्ञात नमुना. मागच्या वेळी एक तरुण संग्राहक बराच वेळ काचेशी वाकून उभा होता. मग त्याने मला विचारलं, दुसरं कुठे नसेल याची खात्री आहे?

मी म्हणालो, आहे.