ओट्यावरचं गाठोडं

चाळ रिकामी करायच्या सकाळी टेंपो भरून उभा होता आणि बाबा ओट्यावरून हलायला तयार नव्हते. कारण होतं एक गाठोडं. पोशीर गावची ताराबाय नेहमीसारखी आली, भरलेला टेंपो तिने पाहिला की नाही कोण जाणे, "ठेवते रं दादा, बाजार करून येते," म्हणाली आणि गेलीसुद्धा. टेंपोवाला हॉर्न वाजवून वैतागला, आई चिडली. बाबांचं एकच, "तिचं गाठोडं हाय. टाकून कसं जायचं?" ती भाजी घेऊन परतली, तेव्हा कुठे आम्ही कर्जत सोडून खोपोलीच्या भाड्याच्या खोलीकडे निघालो.

चाळीतल्या आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्या सगळ्यांनो, तो ओटा आठवतो ना? पुढे बाबांचं शिवणकामाचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या आणि रस्त्याच्या कडेला ओटा. गावागावांतून आलेल्या बायका तिथे ओझी ठेवून बाजाराला जायच्या. परतताना टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि पोरीचा परकर नाहीतर लग्नाचे ब्लाउज बाबांकडेच शिवायला टाकायच्या. आमचं पोट त्यावर चालायचं.

पुनर्विकासाच्या बैठकांत कार्पेट एरियासाठी सगळे इंचाइंचाने भांडले. ओट्याचं नाव कोणी काढलं नाही, कारण तो कोणाच्याच जागेत मोजला जात नव्हता. शिवाय रस्त्याकडचा गाळा हवा तर घर लहान मिळणार होतं. बाबांनी मोठं घर घेतलं आणि मागच्या अंगाचा, जिना चढून जायचा गाळा पत्करला. "पोरीला एक खोली पायजे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आपलं हाय, शोधत येईल."

इमारत उभी राहीपर्यंत मला बंगळुरूला नोकरी लागली. त्या खोलीत मी वर्षाकाठी जेमतेम आठवडाभर झोपते. एरवी आई तिथे कपडे वाळत घालते.

गिऱ्हाईक शोधत आलं नाही. डोक्यावर ओझं घेऊन जिना कोण चढणार? खाली ठेवावं तर वॉचमन हटकतो. त्याचीही चूक नाही, त्याला तसंच सांगितलंय. पुढच्या गाळ्यांत आता फार्महाउसचे प्लॉट विकणाऱ्यांची काचेची ऑफिसं आहेत. स्टेशनजवळची जागा, म्हणून भाव चढला म्हणतात. वाढलेल्या भावातलं बिल्डरला मिळालं, सरकारी तिजोरीत गेलं, फ्लॅटच्या रूपाने आमच्याही पदरात पडलं. पण ज्या बायकांच्या येण्याजाण्याने ती जागा बाजाराची झाली, त्यांना टेकायला हातभर जागा कोणी ठेवली नाही. मला राग येतो तो याचा. आणि हा राग आमच्या स्वतःच्या घरावरही येतो, हेही कळतं.

शेवटी बाबांनी गाळा भाड्याने दिला, मशीन विकलं.

इथे बंगळुरूला माझ्याकडे कोणी यायचं तर आधी मोबाइलवर ॲप विचारतं, आत सोडू का म्हणून. शेजारच्या दारात कोण राहतं ते मला अजून ठाऊक नाही. एकदा दोन तासांसाठी सुटकेस ठेवायची होती, तर कोणाची बेल वाजवावी ते सुचेना.

यंदा दिवाळीला कर्जतला गेले, तर बाबा फाटकाबाहेर गटाराच्या कठड्यावर बसलेले. शेजारी गाठोडं.

"ताराबायचं?"

"हां. ती येते तेवा बसतो खाली. कुठं ठेवील ती तरी?"

दुकान नाही, मशीन नाही, हातात टेपसुद्धा नाही. वर जायच्याऐवजी मी खांद्यावरची बॅग उतरवली आणि गाठोड्याला लागून ठेवली.

"ठेवते हो बाबा. बाजार करून येते."

मला काहीच घ्यायचं नव्हतं. बाबांनी बॅग जवळ ओढून घेतली.

"जा गं. मी हाय."

माझं घर आता एवढंच उरलंय. आणि बाबांना हल्ली फार वेळ बसवत नाही.